अब्बांना गोळी, अम्मीला नाही

आमच्या घरी टीव्हीखालच्या कप्प्यात औषधांचे दोन स्टीलचे डबे असतात. एक अब्बांचा, एक अम्मीचा. २००६ साली अब्बांना हार्ट अटॅक आला. रात्रीतून औरंगाबादला नेलं, अँजिओप्लास्टी झाली, आठव्या दिवशी घरी आले. डिस्चार्ज कार्डावर सहा-सात औषधं होती. त्यात एक होती अ‍ॅटोरवास्टॅटिन, रात्री जेवणानंतर एक. तेव्हापासून आजवर ती गोळी त्यांच्या डब्यातून हटलेली नाही. रमजानमध्ये इफ्तारनंतर घेतात, पण चुकवत नाहीत.

अम्मीला त्याच्याही एक वर्ष आधीपासून मधुमेह होता. तिच्या डब्यात साखरेच्या गोळ्या होत्या, पुढे बीपीची आली. कोलेस्ट्रॉलची गोळी नव्हती. कुणी लिहूनच दिली नव्हती आणि आम्हीही कधी विचारलं नाही. २०१७च्या हिवाळ्यात दोन दिवस तिचा जबडा दुखत होता, दम लागत होता. "मेरेकू क्या हुआ, पित्त है बस," असं म्हणत ती भाकऱ्या थापत राहिली. तिसऱ्या दिवशी ईसीजी काढला तेव्हा कळलं की पित्त नव्हतं.

आयसीयूबाहेर एका तरुण डॉक्टरने जुनी फाइल चाळत मला विचारलं, "बारा वर्षांचा डायबेटीस आहे ना? मग चाचींना स्टॅटिन कसं चालू नव्हतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांनी इतकी वर्षं तिला तपासलं ते डॉक्टर भले गृहस्थ, त्यांच्याबद्दल मला तक्रार करायची नाही. पण प्रश्न डोक्यात बसला. एकाच घरात, एकाच फॅमिली डॉक्टरकडे जाणाऱ्या दोघांपैकी एकाला गोळी मिळते, दुसऱ्याला मिळत नाही, असं का? मी डॉक्टर नाही, इतिहास शिकवतो. म्हणून इतिहासाच्या माणसाला जमतं तसं मागे मागे जाऊन पाहिलं.

मागे जायचं तर १९१०पर्यंत जावं लागतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ विंडाउस यांनी माणसाच्या महाधमनीत साचलेल्या थराचं पृथक्करण केलं, तर त्यात निरोगी धमनीपेक्षा वीसपटीहून जास्त कोलेस्ट्रॉल निघालं. तीन वर्षांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्ट्रॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत तसेच थर तयार झालेले दाखवले. पण ससा गवत खाणारा प्राणी, त्याच्यावरून माणसाचं काय ठरवायचं, म्हणून बहुतेकांनी ते बाजूला ठेवलं.

ज्याला आज आपण 'रिस्क' म्हणतो, ती कल्पना वैद्यकात रुजली ती अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावामुळे. १९४८मध्ये तिथल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद घेऊन त्यांना वर्षानुवर्षं तपासायला सुरुवात झाली. कुणाचं बीपी किती, कोण सिगारेट ओढतो, कुणाचं कोलेस्ट्रॉल किती आणि पुढे कुणाला झटका येतो. १९६१ साली विल्यम कॅनेल आणि सहकाऱ्यांनी 'जोखमीचे घटक' हा शब्दप्रयोग रूढ केला. ही साधी गोष्ट नव्हती. त्याआधी माणूस एक तर आजारी असे किंवा धडधाकट. आता एक तिसरी जात तयार झाली, आज धडधाकट पण उद्याच्या यादीत नाव असलेली. स्टॅटिनची सगळी कहाणी या तिसऱ्या जातीची आहे. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, फ्रेमिंगहॅमच्या त्या यादीत निम्म्याहून जास्त स्त्रिया होत्या. हा मुद्दा पुढे लागेल.

रिस्क कळली, पण औषध कुठे होतं? १९६० साली ट्रायपॅरानॉल नावाचं एक औषध अमेरिकेत आलं. ते कोलेस्ट्रॉल कमी करायचं, पण लोकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू व्हायला लागले. दोन वर्षांत ते बाजारातून काढावं लागलं. शरीरात कोलेस्ट्रॉल बनण्याच्या साखळीत हात घालणं म्हणजे आगीशी खेळ, ही भीती डॉक्टरांच्या मनात तेव्हापासून बसली.

पुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण त्यातला माणूस शेतकऱ्याचा मुलगा आहे. अकिरा एन्दो, जन्म १९३३, उत्तर जपानमधला अकिता प्रांत. लहानपणापासून त्यांना बुरशी आणि अळंब्यांचं वेड. माश्या मारणारं पण माणसाला न मारणारं एक अळंबं त्यांच्या भागात उगवायचं, त्यावर त्यांनी शाळेत असतानाच प्रयोग केले होते. पेनिसिलिन शोधणारे फ्लेमिंग हे त्यांचं दैवत. टोकियोच्या सांक्यो कंपनीत नोकरी लागली आणि १९६६ साली दोन वर्षांसाठी ते न्यूयॉर्कला संशोधनाला गेले. ब्राँक्स भागात राहत होते. तिथले स्थूल म्हातारे, त्यांची खाण्याची ताटं आणि त्यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर न्यायला येणाऱ्या अ‍ॅम्ब्युलन्स त्यांनी पाहिल्या. जपानमध्ये तेव्हा हे दृश्य नवं होतं.

आपल्या शरीरातलं बरंचसं कोलेस्ट्रॉल ताटातून येत नाही, यकृत स्वतः बनवतं. कसं बनवतं हे उलगडणाऱ्या कोनराड ब्लॉख आणि फिओडोर लिनेन यांना १९६४चं नोबेल मिळालं होतं. जवळजवळ तीस पायऱ्यांची ती साखळी आहे आणि सुरुवातीलाच एक विकर आहे, एचएमजी-कोए रिडक्टेज. तो नळ बारीक केला की पुढचा प्रवाह आपोआप मंदावतो. एन्दोंचा तर्क असा होता: काही सूक्ष्मजीवांना जगण्यासाठी कोलेस्ट्रॉलसारखे पदार्थ लागतात, तेव्हा एखादी बुरशी आपल्या शत्रूचा हाच नळ बंद करणारं विष नक्की बनवत असणार. ते शोधायचं.

१९७१मध्ये ते आणि सहकारी मासाओ कुरोदा कामाला लागले. दोन वर्षांत सहा हजारांहून अधिक बुरशी आणि जीवाणू त्यांनी तपासले. मध्येच एक पदार्थ सापडला, पण तो मूत्रपिंडांना घातक निघाला. अखेर १९७३मध्ये क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर आलेल्या निळसर-हिरव्या बुरशीने दाद दिली. पेनिसिलियम सिट्रिनम, म्हणजे फ्लेमिंग यांच्या बुरशीची चुलत बहीणच. तिच्यातून निघालेल्या पदार्थाला पुढे कॉम्पॅक्टिन म्हटलं गेलं. हा पहिला स्टॅटिन.

आनंद फार टिकला नाही. उंदरांना दिला तर त्यांचं कोलेस्ट्रॉल हललंच नाही. कंपनीत कुजबुज सुरू झाली. मग १९७६च्या सुरुवातीला एका संध्याकाळी बारमध्ये एन्दोंना कोंबड्यांवर काम करणारे सहकारी भेटले. त्यांचे प्रयोग संपत आले होते आणि नंतर त्या कोंबड्या मारल्या जाणार होत्या. एन्दो म्हणाले, मला द्या. अंड्यात इतकं कोलेस्ट्रॉल म्हणजे कोंबडीच्या रक्तातही असणार, एवढा साधा विचार. महिनाभर औषध दिल्यावर कोंबड्यांचं कोलेस्ट्रॉल जवळपास निम्म्याने उतरलं. १९७८मध्ये ओसाकाच्या डॉ. अकिरा यामामोतोंनी जन्मजात अतिकोलेस्ट्रॉल असलेल्या एका अठरा वर्षांच्या मुलीला ते दिलं. कोलेस्ट्रॉल उतरलं, पण तिच्या स्नायूंतली ताकद गेली. डोस कमी केला, इतर रुग्णांना दिला, तेव्हा सोसलं. म्हणजे या गोळीचा फायदा आणि तिचा त्रास, दोन्ही पहिल्याच रुग्णात दिसले होते.

१९८० साली सांक्योने हे औषध सोडून दिलं. फार मोठ्या डोसवर ठेवलेल्या कुत्र्यांना गाठी झाल्याची शंका होती. एन्दो तोवर कंपनी सोडून विद्यापीठात गेले होते. पुढे जगभर अब्जावधींचा जो धंदा झाला त्यातला पैसा त्यांच्याकडे आला नाही. २००८मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला, नोबेल कधीच नाही. जून २०२४मध्ये नव्वदाव्या वर्षी ते गेले. त्या आठवड्यात आपल्या वर्तमानपत्रांत त्यांच्याबद्दल काही आलं का म्हणून मी शोधत होतो, फारसं काही दिसलं नाही. आपल्या प्रत्येक गल्लीत त्यांच्या शोधाची गोळी खाणारं कुणीतरी असतं.

इथे एक छोटा फाटा घेतो, कारण तो आपल्या समाजाशी संबंधित आहे. जन्मजात अतिकोलेस्ट्रॉलचा आजार पिढीजात कसा उतरतो, हे समजण्यात बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातले डॉ. अवेदीस खाचादुरियन यांचा मोठा वाटा आहे. १९६४ साली त्यांनी लेबनॉनच्या कुटुंबांचा अभ्यास मांडला. आईकडून एक आणि बापाकडून एक असा दोघांकडून बिघडलेला जनुक आला तर मूल दहा-पंधरा वर्षांचं असतानाच हृदयविकाराने जाऊ शकतं. एकाच बाजूने आला तर प्रौढपणी, पण इतरांपेक्षा लवकर. चुलत-मामेभावंडांत लग्नं होतात तिथे दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे अशी लग्नं होतात, काही हिंदू समाजांतही मामाच्या मुलीशी होतात. घरात कुणी तिशी-चाळिशीत झटक्याने गेलं असेल तर "अल्लाह की मर्जी" म्हणून थांबू नका. मुलांचं रक्त एकदा तपासून घ्या. याच आजाराच्या रुग्णांवर काम करताना अमेरिकेतल्या डॅलसमध्ये मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना पेशींवरचा एलडीएलचा दरवाजा सापडला. स्टॅटिन दिलं की यकृत असे आणखी दरवाजे उघडतं आणि रक्तातलं वाईट कोलेस्ट्रॉल आत ओढून घेतं. त्यांना १९८५चं नोबेल मिळालं.

दरम्यान अमेरिकेतल्या मर्क कंपनीला दुसऱ्या एका बुरशीतून जवळपास तसाच पदार्थ मिळाला होता, लोव्हास्टॅटिन. जपानची बातमी ऐकून त्यांनीही काम थांबवलं. मग ज्यांच्याकडे मरणाच्या दारातले रुग्ण होते अशा काही डॉक्टरांनी विनंती केली, तेव्हा ते पुन्हा सुरू झालं. १ सप्टेंबर १९८७ रोजी अमेरिकेत मंजुरी मिळाली. तरीही डॉक्टर हात आखडूनच लिहीत. कोलेस्ट्रॉल उतरतं हे खरं, पण माणूस वाचतो का?

उत्तर आलं १९९४च्या नोव्हेंबरमध्ये, स्कँडिनेव्हियाच्या देशांतून. आधीच हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांपैकी निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना खोटी गोळी. साधारण साडेपाच वर्षांत खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २५६ जण गेले, खरी घेणाऱ्यांपैकी १८२. ज्यांना झटका येऊन गेला आहे त्यांच्याबाबतीत या आकड्यांनंतर वाद उरला नाही. अब्बांच्या कार्डावर २००६ साली ती गोळी विचार न करता लिहिली गेली, ती या अभ्यासामुळे.

पण या ४,४४४मध्ये स्त्रिया किती होत्या? ८२७. आणि पुढच्या वर्षीच्या स्कॉटलंडच्या अभ्यासात, जिथे पहिल्यांदा झटका न आलेल्या माणसांना गोळी देऊन पाहिली, तिथे? एकही नाही. ६,५९५ जण, सगळे ४५ ते ६४ वयाचे पुरुष. त्याआधी १९८४ साली कोलेस्ट्रॉल उतरवल्याने झटके कमी होतात हे अमेरिकेत पहिल्यांदा नीट दाखवणारा जो मोठा अभ्यास झाला, त्यातले ३,८०६ही सगळे पुरुषच. फ्रेमिंगहॅमने बायकांना मोजलं होतं, औषधाची पाळी आली तेव्हा त्या गळाल्या. हृदयविकार हा कमावत्या, सिगारेट ओढणाऱ्या, टेन्शन घेणाऱ्या पुरुषाचा आजार, हे चित्र असं तयार झालं. ते चित्र आमच्या तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यापर्यंत पोहोचलं होतं आणि आमच्या स्वयंपाकघरापर्यंतही. जबडा दुखतो म्हणणाऱ्या बाईला आम्ही घरच्यांनीच पित्ताची गोळी दिली होती.

स्कॉटलंडच्या अभ्यासातला एक आकडा समजून घेण्यासारखा आहे. बातम्यांत आलं, झटके ३१ टक्क्यांनी कमी. खरं आहे. पण मुळात पाच वर्षांत शंभरपैकी साधारण आठ जणांना झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू येणार होता, तो साडेपाच जणांवर आला. म्हणजे शंभरांनी पाच वर्षं रोज गोळी खाल्ली तेव्हा दोन-अडीच जण वाचले. बाकीच्यांना ना फायदा झाला ना कळलं. हे कमी आहे की जास्त? एका माणसाला विचारलं तर कमी वाटेल. कोटींच्या लोकसंख्येकडे पाहणाऱ्याला प्रचंड वाटेल. ब्रिटिश संशोधक जेफ्री रोझ यांनी १९८०च्या दशकात हाच पेच मांडला होता. समाजाला ज्याचा फार फायदा, त्याचा एकेका माणसाला थोडकाच.

आणि ही थोडक्या फायद्याची वही विकणं कंपन्यांना बरोबर जमलं. अ‍ॅटोरवास्टॅटिन १९९७ साली लिपिटॉर नावाने अमेरिकेच्या बाजारात आलं, त्याच वर्षी तिथे टीव्हीवर औषधांच्या जाहिराती करणं सोपं झालं. २००६पर्यंत या एका नावाची वर्षाची विक्री जवळपास तेरा अब्ज डॉलरवर गेली. जाहिरातीत कृत्रिम हृदय बनवणारे रॉबर्ट जार्विक बोट वल्हवताना दिसायचे. नंतर कळलं की ते रुग्ण तपासणारे डॉक्टर नव्हते आणि वल्हवणारा माणूसही दुसराच होता. २००८मध्ये जाहिरात बंद झाली.

जाहिरातीपेक्षा मोठी गोष्ट शांतपणे घडत होती, ती म्हणजे उंबरठा खाली येत होता. २००१च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी गोळीच्या लायक लोकांचा आकडा सुमारे १.३ कोटींवरून ३.६ कोटींवर नेला. २००४मध्ये सुधारणा झाली, तेव्हा समितीतल्या नऊपैकी आठ जणांचे औषध कंपन्यांशी आर्थिक संबंध असल्याचं बाहेर आलं आणि मोठा गदारोळ झाला. २०१३मध्ये पद्धतच बदलली. कोलेस्ट्रॉलचा आकडा अमुकवर आणा हे मागे पडलं आणि पुढच्या दहा वर्षांत झटक्याची शक्यता साडेसात टक्के भरली तर गोळीचा विचार करा, असं ठरलं. ब्रिटनने आपला उंबरठा २०१४मध्ये वीस टक्क्यांवरून दहावर आणला. चाळिशी ओलांडलेल्या अमेरिकनांत स्टॅटिन घेणाऱ्यांचं प्रमाण २००३-०४मध्ये १८ टक्के होतं, २०११-१२मध्ये २६ टक्के झालं. दर चार माणसांत एक.

अशा वेळी शंका येणारच. २००१मध्ये बायरचं सेरिव्हास्टॅटिन स्नायू विरघळून झालेल्या मृत्यूंमुळे बाजारातून मागे घेतलं गेलं, त्यामुळे शंकेला आधारही होता. २०१३मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या दोन लेखांत आलं की घेणाऱ्यांपैकी जवळपास पाचव्या हिश्श्याला त्रास होतो. पुढच्या वर्षी ते विधान मागे घ्यावं लागलं. पण तोवर ते जगभर फिरलं होतं. डेन्मार्कमध्ये दिसलं की स्टॅटिनविरुद्ध बातम्या आल्या की गोळी सोडणारे वाढतात. मग लंडनच्या इंपीरियल कॉलेजने एक मजेशीर प्रयोग केला, २०२०मध्ये तो छापून आला. त्रासामुळे गोळी सोडलेल्या साठ जणांना वर्षभर बाटल्या दिल्या. चार महिने खरी गोळी, चार महिने खोटी, चार महिने रिकामी बाटली, क्रम उलटसुलट. खरी गोळी घेताना जो त्रास झाला, त्याचा नव्वद टक्के खोट्या गोळीनेही झाला. त्रास खरा होता, पाय खरंच दुखत होते, पण बहुतेक वेळा दुखवणारी गोळी नव्हती, तिची धास्ती होती. स्नायूंचा गंभीर आजार होतो, पण विरळा. साखर थोडी वाढू शकते, हेही खरं आहे. डॉक्टरांनी हे सांगावं आणि आपण विचारावं.

आमच्या मोहल्ल्यातही दर दोन-तीन महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर तो नुस्खा फिरतो. आलं, लसूण, लिंबू, सफरचंदाचा सिरका आणि शहद, सगळं उकळून प्या, ब्लॉकेज साफ. सोबत एक ओळ असते की इंग्रजी औषध कंपन्यांची साजिश आहे. कंपन्यांनी काय काय केलं ते मी वर लिहिलंच आहे, मला त्यांची वकिली करायची नाही. पण माझ्या एका चाचांनी स्टेंट बसवल्यानंतर हा काढा सुरू करून सगळ्या गोळ्या बंद केल्या. वर्षाच्या आत दुसरा झटका. ते गेले. गोळी चालू असती तर वाचले असते असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, पण काढ्याने वाचले नाहीत एवढं नक्की.

अमेरिकेतला वाद 'जास्त लोकांना देतोय का' हा आहे. आपला वाद उलटा आहे, आणि तो वाद आपण घालतच नाही. केरळमध्ये जन्मलेले, बंगळुरूच्या सेंट जॉन्समध्ये शिकलेले आणि पुढे कॅनडात स्थिरावलेले डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली सतरा देशांत झालेला एक अभ्यास २०११मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला आहे अशांना विचारलं, की औषधं घेता का? श्रीमंत देशांत ६६.५ टक्के स्टॅटिन घेत होते. भारत ज्यात मोडत होता त्या गरीब देशांत ३.३ टक्के. ज्यांच्याबाबत १९९४नंतर शंकाच उरली नव्हती, त्यांच्यातल्या शंभरातल्या तिघांना! युसूफ यांच्याच आधीच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं की दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, इतरांना ५९च्या आसपास. म्हणजे आपल्याला सहा वर्षं आधी.

आणि हे अशा देशात, जिथे ही गोळी खूप स्वस्त मिळते. १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या घटकावर नव्हे, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट दिलं. म्हणून अमेरिकेत लिपिटॉरवर डॉलर मोजले जात होते तेव्हा आपल्या मेडिकलमध्ये डझनभर कंपन्यांची अ‍ॅटोरवास्टॅटिन होती. २०११च्या शेवटी अमेरिकेत लिपिटॉरचं पेटंट संपलं, तेव्हा तिथे पहिल्या उतरलेल्यांत रॅनबॅक्सी होती. वर्षभराने काचेच्या कणांच्या शंकेवरून तिला काही बॅचेस परत बोलवाव्या लागल्या, ही गोष्ट वेगळी. आज जनऔषधी केंद्रात महिन्याची गोळी एका बिर्याणीच्या प्लेटपेक्षा स्वस्त पडते. तेव्हा अडतं ते फक्त पैशापाशी नाही. झटक्यानंतर दोन-तीन महिने औषधं घ्यायची, बरं वाटलं की बंद करायची, हे मी घराघरांत पाहिलं आहे. ताप उतरला की औषध बंद, या सवयीत वाढलेल्या माणसाला, न दुखणाऱ्या गोष्टीसाठी आयुष्यभर गोळी ही कल्पनाच पटत नाही. फ्रेमिंगहॅमची ती तिसरी जात आपल्याकडे अजून नीट पोहोचलेलीच नाही.

यावर एक उपाय म्हणजे बीपीची, कोलेस्ट्रॉलची औषधं एकाच गोळीत भरायची. तिला पॉलिपिल म्हणतात. भारतातल्या पन्नास केंद्रांवर झालेल्या तिच्या चाचणीचे निकाल २००९मध्ये आले, त्यातही युसूफ होते. इराणच्या गोलेस्तान प्रांतातल्या खेड्यांत ६,८३८ जणांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगात मोठे हृदयविकार ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१९मध्ये दिसलं. गावातल्या आरोग्यसेवकांच्या जाळ्यावर तो प्रयोग उभा होता. आपल्याकडे आशाताई आहेत. त्यांच्या पिशवीत ही गोळी नाही.

आता अम्मीकडे परत येतो. मधुमेह असलेल्या, पण हृदयविकार नसलेल्या २,८३८ लोकांवर ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये अ‍ॅटोरवास्टॅटिन १० मिलिग्रॅमचा अभ्यास झाला. यात जवळपास एकतृतीयांश स्त्रिया होत्या. हृदयविकार आणि पक्षाघात ३७ टक्क्यांनी कमी झाले, इतके की ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधी अभ्यास थांबवला. साल २००४. अम्मीचा मधुमेह निघाला २००५ साली. म्हणजे तिची पहिली फाइल बनली तेव्हा उत्तर छापून आलेलं होतं. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेही माणसाला स्टॅटिन, कोलेस्ट्रॉल 'नॉर्मल' असलं तरी, हे त्यानंतर हळूहळू जगभर मान्य झालं. सत्तावीस अभ्यासांतले १.७४ लाख लोक एकत्र धरून २०१५ साली केलेल्या विश्लेषणाने हेही दाखवलं, की जोखीम सारखी असेल तर बाईला पुरुषाइतकाच फायदा होतो. अमेरिकेच्या २०१८च्या सूचनांनी दक्षिण आशियाई असणं, लवकर पाळी बंद होणं, गरोदरपणात बीपी वाढणं या गोष्टी जोखमीत धरायला सांगितल्या. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने आपल्या स्वतःच्या सूचना काढल्या त्या मात्र २०२४मध्ये.

अम्मी वाचली. आता तिच्या डब्यातही रात्रीची गोळी आहे. हृदयाची ताकद मात्र पूर्वीची राहिली नाही, जिना चढताना मध्ये बसते, तरावीह घरीच खुर्चीवर बसून पढते.

मागच्या महिन्यात सोलापूरच्या आपाला फोन केला. वय ४६, सहा वर्षांपासून मधुमेह. विचारलं, तुझ्या गोळ्यांत कोलेस्ट्रॉलची आहे का?

"माझं कोलेस्ट्रॉल नॉर्मल आहे रे. रिपोर्टमध्ये लाल खूण नाही आली."

मी तिला अम्मीच्या फाइलबद्दल सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. पुढच्या तपासणीला तिने डॉक्टरीणबाईंना स्वतःहून विचारलं. त्यांनी रिपोर्ट पाहिले, यकृताची तपासणी करून घेतली आणि लिहून दिलं. त्या रात्री अकराला आपाचा मेसेज आला, "घेतली गोळी. आता तू पण झोप आणि उद्या तुझं रक्त तपासून घे, चव्वेचाळीसचा झालास."

तपासलं. एलडीएल १४८. अब्बांना झटका आला तेव्हा ते ५१चे होते, हे डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "बसा, जरा सविस्तर बोलू."